न वाजणाऱ्या शिट्टीची नोकरी

मित्रांनो, तुमच्याशी बोलते आहे ती एक पितळी शिट्टी आहे. वय झाले आहे, अंगावरची चकाकी गेली आहे आणि आतला बुचाचा मणी एका बाजूने झिजला आहे. तरी कोणी मनापासून फुंकले तर टेमघरहून कामतघरपर्यंत ऐकू जाईन, अशी माझी समजूत आहे. ही समजूत बरीच वर्षे कोणी तपासून पाहिलेली नाही.

माझा जन्म मुरादाबादचा. तिथे पितळेचे लोटे, समया आणि घंटा करतात. एका कारागिराकडे समया करून थोडे पितळ उरले. ते वाया जाऊ नये म्हणून त्याने शिट्ट्या केल्या. माझे थोडक्यात हुकले, नाहीतर मी आज देवघरात असते. पुढे पोत्यात बसून मी भिवंडीला आले आणि तीन बत्तीजवळ खेळाच्या सामानाच्या एका दुकानात काचेच्या बरणीत राहू लागले. शेजारच्या बरणीत गोट्या होत्या. त्यांना गिऱ्हाईक जास्त. त्यामुळे आमचे बोलणे नव्हते.

तिथून मला मोरू सरांनी नेले. ते टेमघरच्या एका शाळेत पीटी शिकवत. मित्रांनो, असा मालक मिळायला नशीब लागते. रांग लावायला ते मला वाजवत, रांग मोडायला वाजवत, मुलांनी पाणी प्यावे म्हणून वाजवत आणि आता पुरे म्हणूनही वाजवत. एकदा शाळेच्या अंगणात कोणाची तरी म्हैस शिरली. सरांनी सवयीने दोनदा शिट्टी मारली, तर ती तिसरी ‘ब’च्या रांगेत उंचीप्रमाणे शेवटी उभी राहिली.

फुटबॉलही माझ्याच जोरावर चाले. एक शिट्टी म्हणजे धावायचे, दोन म्हणजे पास द्यायचा. समोरचा संघ मात्र शिट्टीची वाट न पाहता गोल करून मोकळा होत असे. त्यामुळे शाळा दर वर्षी हरायची. पण हरताना सगळ्यांचे मोजे एका उंचीवर असत आणि पाहुण्यांनी त्याबद्दल एकदा भाषणात कौतुकही केले होते. ते माझे वैभवाचे दिवस.

मोरू सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी क्षितिजाबाई आल्या. वयाने लहान, कामतघरच्या चाळीत कापडाच्या लूमच्या खडखडाटात वाढलेल्या, कॉलेजात फुटबॉल खेळलेल्या. सरांनी मला दोरीसकट त्यांच्या हातात ठेवले.

“हिला सांभाळा,” सर म्हणाले. “हिच्याशिवाय पोरं ऐकत नाहीत.”

“आणि ही नसली की काय करतात?” बाईंनी विचारले.

सरांनी विचार केला. “तसा प्रसंग आला नाही.”

बाईंनी मला पर्समध्ये टाकले. तिथे सेफ्टी पिना, रिक्षाचे सुटे पैसे आणि आल्याची एक वडी होती. मला वाटले, दुपारी काढतील. दुपारी त्यांनी वडी काढली.

पहिल्या आठवड्यातच शाळेचे अध्यक्ष केसरीनाथ शेठ मैदानावर आले. गावात त्यांची जमीन, दापोड्याला गोदामे आणि सहावीत एक नातू, भावेश. त्यांनी बाईंना सरळच सांगितले.

“बाई, डिसेंबरात कामतघरच्या शाळेशी आपली मॅच हाय. गावातली चार मान्सां बगायला येतात. पोरं नीट खेळली तर तुमी ऱ्हावा. न्हायतर कल्याणचे एक सर मी बगून ठेवलेत. शिट्टी मारली का त्यांची पोरं भिंतीला चिकटतात.”

“चिकटून काय करतात?”

“काय करतील? चिकटतात.”

बाई ‘बरं’ म्हणाल्या. त्यांच्या घरात त्यांचा एकच पगार येत होता, त्यामुळे ‘बरं’ म्हणताना त्यांनी पर्स जरा घट्ट धरली. मी आतच होते, म्हणून मला कळले. मला स्वतःला कल्याणच्या सरांबद्दल फार आदर वाटू लागला. ते माझ्यासारख्यांची कदर करणारे दिसत होते. तेव्हा मित्रांनो, बाईंनी जिंकावे की हरावे याबद्दल माझे मत तुम्हाला समजले असेल.

बाईंच्या शिकवण्यात एक मोठी अडचण होती. त्या शिकवतच नसत. पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना पांढऱ्या फक्कीने आखलेल्या एका लहान चौकोनात उभे केले. प्रत्येकाच्या पायाशी एक चेंडू. नवे, जुने, हवा गेलेले, एक तर प्लास्टिकचा.

“ही तुमची रिक्षा,” बाई म्हणाल्या. “हा कल्याण नाका. सगळ्यांना घाई आहे, जास्तीत जास्त फेऱ्या मारायच्या आहेत. कोणाला धक्का लागता कामा नये.”

“आन लागला तर?” भावेशने विचारले.

“तर दोघांनी खाली उतरायचं आणि भांडायचं. पॅसेंजर कंटाळले की पुढं जायचं.”

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. शाळेत भांडायची परवानगी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती. सुरुवातीला सगळे मुद्दाम धडकत होते. मैदानभर “दिखता नहीं क्या?”, “माझी साईड हाय”, “उतर, आधी खाली उतर” असे चालले होते. पण भांडणात वेळ गेला की फेऱ्या कमी व्हायच्या आणि फेऱ्या कमी झाल्या की इतर हसायचे. हळूहळू मुलांनी माना वर केल्या. ती चेंडूकडे न बघता चेंडू पायाशी ठेवायला लागली. मान वर ठेवा, असे बाई एकदाही म्हणाल्या नाहीत. मोरू सर हे वाक्य दिवसातून अनेकदा म्हणत. तेव्हा मुले मान वर करून आभाळ बघत.

मधेच एकदा केसरीनाथ शेठ आले.

“बाई, पोरं भांडतायत.”

“त्या रिक्षा आहेत, शेठ.”

“तो आमचा भावेश कोनाला बापावरून बोलतोय?”

“गाडी भावेशनंच उलटी घातली होती. दुसऱ्याची चूक नाही.”

“मंग त्यानं माफी मागाया पायजे,” असे म्हणून शेठ निघून गेले. गेटापाशी थांबून त्यांनी म्हणे डोके हलवले. ते कोणत्या अर्थाने, हे मला पर्समधून दिसले नाही.

दुसरा खेळ कोंबडीचा. चेंडू म्हणजे कोंबडी आणि ज्याच्याकडे चेंडू नाही तो मुंगूस. यात सरू सगळ्यांना भारी पडायची. ती गावाबाहेरच्या वारली पाड्यावरून येई. तिच्या घरी खरोखरच कोंबड्या होत्या आणि मुंगूसही. मुंगूस आला की ती त्याच्याकडे पाठ करी, कोंबडी पायांच्या पुढे घेई आणि कंबर अशी मागे काढून बसे की मुंगसाने कितीही फेऱ्या मारल्या तरी त्याला सरूच दिसावी.

“असं कुठं शिकलीस?” बाईंनी विचारले.

“कुठं न्हाय. कोंबडी गेली तर आये मारते.”

बाकीच्या मुलांनी तिचे बघून कंबरा मागे काढल्या. ज्यांना कंबर नव्हती त्यांनीही काढल्या.

पण मुलांचा जीव होता तो लूमवर. मधे दोन रांगा, त्या ताण्याचे, म्हणजे उभे धागे. दोन्ही टोकांना दोघे दोघे, आणि चेंडू म्हणजे धोटा, जो लूमवर या टोकाकडून त्या टोकाला सटासट पळतो. रांगांनी “खट, खट” म्हणत एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे जायचे आणि मधल्या फटीतून धोटा पार करायचा. चेंडू धाग्याला लागला की सगळ्यांनी “तुटला” म्हणायचे आणि जागच्या जागी थांबायचे. मग ज्याने चेंडू मारला त्याने जाऊन तुटलेल्या धाग्याला गाठ मारायची. गाठ म्हणजे त्याच्या शर्टाचे टोक धरून बोटे फिरवायची. त्यानंतरच लूम चालू.

हे कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. निम्म्या मुलांचे आईबाप लूमवर ड्युटीला होते. धागा तुटलेला असताना लूम चालवणे, हे त्यांच्या घरात ताटात पाय देण्याइतके वाईट होते. नोव्हेंबरपर्यंत चेंडू त्या फटीतून असा जाऊ लागला की मलासुद्धा बघत राहावेसे वाटे. मी बघत नव्हते. पर्सची चेन बंद असे. पण आवाज ऐकला. धाग्याला न लागलेल्या धोट्याचा आवाज वेगळा येतो.

डिसेंबरात मॅच आली. मैदान कामतघरचे. गावातली चार माणसे येणार होती, ती चाळीस आली. सगळ्यांत पुढे खुर्चीवर केसरीनाथ शेठ. पंच होते चांगदेवकाका, पोस्टातून रिटायर झालेले. त्यांनी खिशातून शिट्टी काढली, फुंकली, आणि काहीच झाले नाही. त्यांच्या नातवाने आदल्या दिवशी तिच्यात साबुदाणा भरून पाणी घातले होते. साबुदाणा रात्रभर फुगला होता.

“कोणाकडं आहे का हो?” त्यांनी विचारले.

बाईंनी पर्स उघडली.

मित्रांनो, इतक्या महिन्यांनी मला ऊन दिसले. काकांनी मला धोतराला पुसले, ओठाला लावले आणि मी वाजले. असे वाजले की एक रिक्षा रस्त्यावर थांबली. पण आमची मुले मात्र माझ्याकडे वळूनही बघेनात. मोरू सरांच्या वेळी ती लहान होती, तेव्हा शिट्टी ऐकली ती फक्त रांगेत; खेळताना कधी ऐकलीच नव्हती. रांगेबाहेरच्या शिट्टीची त्यांची ओळख नाक्यावरच्या हवालदाराची. तेव्हा भिवंडीत हवालदाराची शिट्टी ऐकल्यावर जे करतात तेच त्यांनी केले. वेग वाढवला. चेंडू रेषेबाहेर गेला, मी वाजले, सरू चेंडू घेऊन आणखी जोरात पळाली. काकांना तिच्या मागे जाऊन तिला हाताने धरून आणावे लागले.

मग खरा घोटाळा झाला. भावेश गोलात होता. त्याने चेंडू पुढे दिला, तो एकाने दुसऱ्याला दिला, आणि दुसऱ्याचा पास कामतघरच्या एका उंच पोराच्या नडगीला लागला.

“तुटला,” आमचा सगळा संघ एका सुरात म्हणाला आणि उभा राहिला.

उंच पोरगाही उभा राहिला. त्याला वाटले, काहीतरी झाले असेल. आमचा जान्या चालत त्याच्याजवळ गेला. पास त्याचा होता, म्हणजे गाठ त्यानेच मारायला हवी. त्याने त्या पोराच्या शर्टाचे टोक धरले आणि नीट बोटे फिरवायला सुरुवात केली. तेवढ्यात कामतघरच्या दुसऱ्या पोराने चेंडू पायावर घेतला, आमच्या उभ्या संघातून फिरायला निघाल्यासारखा गेला आणि गोल केला. भावेश दोन्ही हात पसरून उभा होता. चेंडू त्याच्या बगलेखालून गेला. त्याने नजरसुद्धा हलवली नाही. लूम बंद होता.

केसरीनाथ शेठनी तोंडावर रुमाल घेतला. मी गोलासाठी वाजले. माझ्या मनात कल्याणच्या सरांचे चित्रच उमटले होते, इतकी मी खुशीत होते.

मध्यंतराला मुले बाईंभोवती जमली. ती रागावलेली होती.

“बाई, ते चीटिंग करतात,” सरू म्हणाली. “तुटला तरी पळतात.”

“मी अजून गाठ मारत व्हतो,” जान्या म्हणाला. “अर्धी झालेली.”

बाईंचा चेहरा उतरला होता. चूक कुठे झाली ते त्यांना कळले होते. खेळात लूम थांबतो. मॅचमध्ये थांबत नाही. हे सांगायचे राहून गेले होते.

केसरीनाथ शेठ खुर्चीवरून उठून आले. “बाई, आता तरी वरडा. सांगा त्यांना, थांबायचा न्हाय म्हनून. कल्याणचे सर असते तर आतापर्यंत घसा बसला असता त्यांचा.”

बाईंनी तोंड उघडले. मला वाटले, झाले, आता ओरडणार. त्यांनी तोंड मिटले आणि खाली मातीत मांडी घालून बसल्या. मुलेही बसली.

“आज मालकाचा अर्जंट माल आहे,” त्या म्हणाल्या. “शिफ्ट सुटेपर्यंत लूम बंद करायचा नाही. काय कराल?”

जान्या म्हणाला, “माझा बाप चालत्या लूमवर गाठ मारतो.”

“माझी आये पन,” सरू म्हणाली. “हात लवकर घालाया लागतो.”

“कोण घालतं?”

“ज्याच्या जवल तुटला त्यो. लांबून पलत आला तर तवर सगला कापड खराब.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे आपापला चालवतात.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

भावेशने विचारले, “बाई, आन ती शिट्टी कसली सारखी वाजते?”

बाईंनी चांगदेवकाकांच्या हातातल्या माझ्याकडे पाहिले. “ती वाजली म्हणजे लाईट गेली.”

मुलांच्या तोंडावर एकदम उजेड पडला. त्या वर्षी भिवंडीत लाईट रोज जाई. शहरभरचे लूम एकाच श्वासात बंद पडत आणि मग पलीकडच्या गल्लीतल्या माणसाचा खोकलासुद्धा ऐकू येई. लाईट गेल्यावर काय करायचे, हे तान्ह्या पोरालाही माहीत होते. काही करायचे नाही.

“आन परत कवा येते?”

“पुन्हा वाजली की.”

मित्रांनो, मुरादाबादच्या पितळेला कोणी लोडशेडिंग म्हणावे, याहून मोठा अपमान मला सोसावा लागलेला नाही.

दुसरा डाव सुरू झाला. कामतघरच्या पोराने चेंडू घेतला न घेतला तोच जान्या त्याच्या पायाशी पोचला. चेंडू सुटला. पुढच्या पोराने घेतला, तर सरू. पुन्हा सुटला. आमची मुले ओठांतल्या ओठांत “खट, खट” म्हणत होती. चेंडू त्यांच्या फटींतून पळत होता. कामतघरचे सर रेषेवरून ओरडत होते, “पकडो उसको, पकडो,” पण कोणाला पकडायचे ते सांगेपर्यंत चेंडू तिसऱ्याकडे असे. त्यांच्या एका पोराने काकांना विचारलेही, “ये क्या गिन रहे हैं?”

केसरीनाथ शेठ खुर्चीच्या टोकाशी आले होते. त्यांचेही जुने लूम होते कामतघरात. चेंडू आमच्याकडून सुटला की ते पुटपुटत, “बांध. बांध लवकर. हात घाल.” शेजारच्या माणसाने विचारले, कोणाला सांगताय. ते म्हणाले, “गप ऱ्हा, माल अर्जंट हाय.”

मग चेंडू सरूकडे आला. तो उंच पोरगा तिच्या मागे उभा. तिने त्याच्याकडे पाठ केली, कंबर मागे काढली आणि बसली. पोरगा उजवीकडून आला, डावीकडून आला. त्याला सरूच दिसत होती. तिला कंटाळा आला तेव्हा ती वळली आणि चेंडू गोलात ढकलला, फार जोराने नाही, कोंबडी खुराड्यात घालतात तसा.

बरोबरी झाली. मी वाजले. लाईट गेली म्हणून आमची मुले आनंद न करता उभी राहिली. पुन्हा वाजले, खेळ सुरू झाला. इथपर्यंत बाईंचा नियम बरोबर चालत होता.

मॅच संपत आली असताना जान्याच्या हाताला चेंडू लागला. काकांनी मला वाजवले. लाईट गेली. आमचा संघ जिथे होता तिथे थांबला. एकीचा पाय हवेत होता, तो हवेतच राहिला. भावेश नाक खाजवत होता, त्याचे बोट नाकावरच राहिले. आता पुन्हा शिट्टी वाजेल आणि लाईट येईल, म्हणून सगळे वाट बघत होते.

पण काकांनी मला वाजवले नाही. त्यांनी हाताने खूण केली, मार म्हणून. पंच कधी कधी असे करतात.

कामतघरच्या पोराने आधी चेंडूकडे पाहिले, मग आमच्या पुतळ्यांकडे, मग आपल्या सरांकडे. त्याला ते बरे वाटेना. तरी त्याने चेंडू मारला. चेंडू जाळीत गेला. मग काकांनी गोलाची शिट्टी मारली. लाईट आली. आमची सगळी मुले जोरात धावत सुटली.

पुन्हा सुरुवातही काकांनी हाताच्या खुणेनेच केली, आणि थोड्याच वेळात शेवटची लांब शिट्टी झाली, म्हणजे पुन्हा लाईट गेली. आम्ही हरलो होतो.

बाईंनी पर्स खांद्याला लावली. त्यांना माझी गरज कधीच नव्हती आणि शाळेला आता त्यांची उरली नव्हती. त्या केसरीनाथ शेठकडे निघाल्या, पण शेठ खुर्चीवर नव्हतेच. ते मैदानात शिरले होते. कामतघरची पोरे नाचत होती आणि त्यांच्या मधे आमची मुले अजून जागच्या जागी उभी होती. शेठ त्यांच्यातून फिरत होते. एका पोराला त्यांनी बोट लावून पाहिले. मग ते नातवाजवळ गेले.

“चल घरी.”

“आजोबा,” भावेश ओठ न हलवता म्हणाला, “लाईट न्हाय.”

शेठनी बाईंकडे बघितले. “कल्याणच्या सरांची पोरं भिंतीला चिकटतात. त्यांना भिंत लागते. ही तर उघड्यावर उभी हायत.”

“शेठ, चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. “दोन्ही गोल माझ्या नियमामुळे झाले.”

“ते मी बगला,” शेठ म्हणाले. ते पुन्हा नातवाकडे वळले. “काय रं, आपल्या गोदामातली लाईट गेली का आपन काय करतो?”

“जनरेटर लावतो.”

“मंग गोलात जनरेटर का न्हाय?”

भावेश विचारात पडला. विचार करताना हलायला परवानगी आहे का, हे त्याला ठरवता येईना. “बाईंनी सांगितला न्हाय.”

“मला सुचलंच नाही,” बाई म्हणाल्या.

“मला सुचला,” शेठ म्हणाले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. “गोलकीपर जनरेटर. सगल्यांची लाईट गेली तरी याची चालू. आन एक मागं ठेवा, डिझेलवाला. जनरेटर बसला तर?”

“डिझेल मी,” सरू उभ्या जागेवरून म्हणाली.

“तू न्हाय. तू फुडं लागतेस. तुला कोंबडी बगायची हाय.”

“मग कल्याणचे सर?” बाईंनी हळूच विचारले.

शेठना आठवायला थोडा वेळ लागला. “ते काय करतील इथं? त्यांना लूम येतो का?” मग त्यांनी चांगदेवकाकांना हाक मारली. “अवो पंच, एक शिट्टी मारा बगू. पोरांना घरी जायचा हाय.”

काकांनी मारली. मुले हलली आणि शेठच्या मागे लागली, डिझेल कोण यावरून. बाईंनी मला काकांकडून परत घेतले, दोरी गुंडाळली आणि पर्समध्ये टाकले. चेन लावताना त्यांचे बोट माझ्यावर जरा जास्त वेळ टेकले होते. मीही आतल्या आत थोडी वाजले. ते कोणाला ऐकू गेले नाही.

मित्रांनो, पुढची बरीच वर्षे मी त्या पर्समध्येच काढली. आता ती पर्स गेली, मी एका खिळ्यावर असते. तुमच्या शाळेत माझ्यासारखी एखादी शिट्टी असेल तर तिला कोमट पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा. आतला मणी ओला राहिला तर कुजतो. तिच्यात साबुदाणा घालू नका. आणि ज्यांच्या गळ्यात ती आहे त्या मोठ्या माणसांना माझा एक निरोप द्या. वाजवायला हरकत नाही, त्यासाठीच आम्ही झालो. पण ओठाला लावण्याआधी पोरांना आणखी एकदा चुकू द्या, भांडू द्या, त्यांचे त्यांना काय सुचते ते बघा. आम्हाला घाई नाही.